सोललेली गोळी

३ मार्च

शास्त्रीणबाई,

पाकिटावर माझ्या कामाच्या खोलीचा पत्ता बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. म्हणजे तुझी ताई ठीक आहे, आणि ती ठीक असली की घराची काय बिशाद. उत्तर मात्र याच पत्त्यावर पाठव. घरचा फोन तिच्या हाताशी आणि घरचं टपाल तिच्या हातात. मला जे सांगायचं आहे ते पाठच्या बहिणीला कळलेलं चालेल, पण थोरलीला नको.

माझी बोटं गेली. गेली म्हणजे जागेवर आहेत, दहाच्या दहा मोजून घेतली. पण सकाळी मुठीला हात जोडून विचारावं लागतं, की बाई, आज मिटायची कृपा करणार का. आता जोडायलाही तेच हात, म्हणजे पंचाईत बघ. सव्वीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवतोय. दातांचे डॉक्टर साचा पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवतो, केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. हल्ली चिमट्यातून दात सुटतो आणि खोलीभर उड्या मारतो. परवा उडालेला एक सुळा अजून सापडलेला नाही. चावेल तेव्हा कळेल.

ताईला मी गुडघे दुखतात असं सांगितलंय. काहीतरी दुखतंय हे लपेना, म्हणून जरा दूरचा अवयव निवडला. त्यामुळे गेले सहा महिने रोज संध्याकाळी माझ्या ठणठणीत गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशवीने शेक मिळतो आणि बोटं शेजारी बसून बघतात. पण इलाज नाही. वर्षभर तिचा एकच धोशा आहे, बंद करा ते दुकान, लेकीच्या शेजारी घर घेऊ, आराम करा. हाताचं कळलं तर दुसऱ्या दिवशी कुलूप. आणि मग मी काय करू? दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघत बसू? ते आत्ताही करतो, पण निदान त्यात दात बसवतो.

तर गुपचूप सांध्यांच्या डॉक्टरकडे गेलो. वयाने माझ्या काही कवळ्यांहून लहान आहे, पण हुशार वाटला. त्याने एक जोडगोळी दिली. एकाच गोळीत दोन औषधं. आतला गाभा सांध्यांची सूज उतरवतो, पण तो पोटाला कुरतडतो. म्हणून त्याच्याभोवती पोट सांभाळणाऱ्या दुसऱ्या औषधाचं कवच. चोर आणि हवालदार एकाच पाकिटात. सकाळ-संध्याकाळ, भरल्या पोटी, अख्खी गिळायची. सुरुवातीला पोट सैल होईल, जास्त झालं तर येऊन सांगा, म्हणाला.

चोर गुणी निघाला. चौथ्या दिवशी मूठ मिटली. हवालदार मात्र वाईट. मंगळवारी एक निवृत्त न्यायाधीश मेणाची कवळी तोंडात घालून माझ्या खुर्चीत बसले होते. त्यांना म्हटलं, दाबून धरा, मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. आणि तेवढ्यात मला आतून बोलावणं आलं. वीस मिनिटांनी परत येतो तो महाशय तसेच, जबडा घट्ट, डोळ्यांत पाणी. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेला माणूस, पण शिस्त बघ. मेण तोवर तोंडातल्या उबेने बसकलं होतं. सगळं पुन्हा.

तू प्रेसमध्ये बसून जगाच्या चुका शोधतेस. मला एवढंच शोधून दे, की हवालदाराला टाळून चोराला घरात कसं घ्यावं.

तुझा,
भावोजी

९ मार्च

भावोजी,

तुम्हाला साष्टांग नमस्कार. गुडघ्यांना वेगळा, कारण ते निष्पाप असून शिक्षा भोगताहेत.

पत्र प्रेसमध्ये वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने बियाण्यांच्या सूचीपत्रात भोपळ्याच्या जागी भोपाळा तसाच जाऊ दिला. आता छापून आल्यावर लोक शेतात काय पेरतील ते तुमच्या माथी.

वडिलांनी, आमच्या अण्णांनी, मला लहानपणी बदडून जी संस्कृत भाषा शिकवली, तिच्यात तुमच्या अवस्थेला अतिसार असा भारदस्त शब्द आहे. यापुढे तोच वापरावा. पोट बिघडलंय म्हणणाऱ्या माणसाकडे लोक नाक मुरडून बघतात. अतिसार झालाय म्हणणाऱ्याला बसायला जागा देतात. न्यायाधीशांपुढे हात जोडून “क्षमस्व, अतिसार” एवढंच म्हणाला असतात, तर त्यांनी कामकाज तहकूब केलं असतं.

आता सल्ला. शहाण्या माणसासाठी असा: डॉक्टरने स्वतः सांगितलंय की त्रास झाला तर या, तेव्हा जा. तुम्ही शहाण्या माणसासाठी लिहिलेलं वाचत नाही हे मला तुमच्या लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून दुसरा सल्ला: एवढे हाडाचे कारागीर तुम्ही, वाटाण्याएवढ्या दाताला कंगोरे पाडता, मग तासून टाका ते वरचं साल आणि हवालदाराला द्या रजा. हाकानाका.

ताईपासून लपवायला मी मदत करीन, पण मनाविरुद्ध. तिच्यापासून गोष्ट लपवायची म्हणजे दुधाच्या पातेल्यावर कागद झाकायचा आणि राखणीला मांजर बसवायचं. लहानपणी मी एकदा तिची शाई सांडली होती. तिने चार दिवस एक शब्द काढला नाही, फक्त रोज माझ्या पानात वाढताना चमचा जरा जोरात आपटायची. पाचव्या दिवशी मी रडत कबूल केलं. तुमच्या पानात हल्ली काही आपटलं जातं का, ते कळवा.

तुमची,
मेहुणी

१५ मार्च

शास्त्रीणबाई,

अण्णांनी तुला बदडलं ते सत्कारणी लागलं. तुझ्या सल्ल्याप्रमाणे केलं आणि काय सांगू.

कृती लिहून ठेव, छापायला उपयोगी पडेल. स्टीलच्या काडीच्या टोकाला मेणाचा थेंब लावायचा, त्यावर गोळी चिकटवायची. कवळीला शेवटची चकाकी आणतो त्या मऊ चाकावर हलक्या हाताने फिरवायची. पांढरं साल पिठासारखं उडतं. हे आपले हवालदारसाहेब. ते मी वाया घालवत नाही, एका बरणीत साठवतोय. कोणाला बद्धकोष्ठ असेल तर सांग. सालाखाली एक पातळ गुळगुळीत पापुद्रा लागतो, तोही काढला. अर्धवट काम मला आयुष्यात जमलं नाही. उरतो तो गाभा, मुगाहून जरा मोठा. असा पॉलिश करतो की त्यात खिडकी दिसते.

अतिसार संपला. पोट इतकं शांत, की एकदा वाटलं ते घर सोडून गेलं. न्यायाधीशांची कवळी पूर्ण झाली. घालून आरशात बघितलं आणि म्हणाले की ही माझ्या जुन्या दातांपेक्षा जास्त न्यायी दिसते. वृद्धाश्रमातून एकदम सहा कवळ्यांचं काम आलंय. सहा! सहा महिन्यांपूर्वी मी नाही म्हटलं असतं. आता हो म्हटलं.

एक हिशेब मी माझ्या डोक्याने केला. साल काढल्यावर गोळी निम्मी होते. मग निम्मीच्या जागी दोन घेतल्या तर एक झाली, बरोबर ना? काम जास्त असलं की सकाळी दोन घेतो. बोटं विशीतल्यासारखी चालतात. काल मी शीळ घालत होतो. ताई दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ माझ्या हातांकडे बघितलं, आणि गुडघे कसे आहेत विचारून गेली.

पानात चमचा आपटत नाही. शेकाचं पाणी मात्र हल्ली फार कढत असतं.

तुझा कृतज्ञ,
भावोजी

२० मार्च

भावोजी,

नमस्कार वगैरे नंतर.

ती थट्टा होती. तासून टाका हे मी त्या सुरात लिहिलं ज्या सुरात माणूस म्हणतो, मग घ्या विहिरीत उडी. तुम्ही खरंच विहीर शोधून, तिचा कठडा पॉलिश करून, उडी मारलीत.

तुमचं पत्र घेऊन मी प्रेसखालच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथली बाई माझी सर्दीसुद्धा गांभीर्याने घेते. तिला कृती वाचून दाखवली. चाकापर्यंत ती ऐकत होती. पापुद्र्याला तिने कपाळाला हात लावला. दोन गोळ्यांना स्टुलावर बसली. ती जे म्हणाली ते असं. वरचं कवच काढलंत म्हणजे पोटाची राखण गेली. आतला पापुद्रा गाभ्याला पोटात फुटू देत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर उघडतो; तोही काढलात, म्हणजे चोराला दार नुसतं उघडं ठेवलं नाही, त्याला आत पाट मांडून दिलात. आणि साल काढल्याने गाभा निम्मा होत नाही. औषध गाभ्यात तेवढंच आहे. दोन म्हणजे दोन.

अण्णांच्या शैलीत सूत्र करते, खास तुमच्यासाठी, आत्ताच पाडलेलं: गुटिकां न तक्षेत्. गोळी तासू नये. हे कामाच्या खोलीत भिंतीवर लावा.

सोललेल्या गोळ्या आजपासून बंद. नव्या अख्ख्यासुद्धा मनाने सुरू करू नका. डॉक्टरकडे जाऊन काय केलंत ते न लाजता सांगा. त्रास होत असेल तर तो दुसरं काही देईल, जगात एकच गोळी नाही. आणि ताईला सांगा. पोट शांत आहे हे वाचून मला बरं वाटलं नाही. तुमच्याकडे शांतता कधीच नव्हती.

उलट टपाली कळवा.

मेहुणी

२९ मार्च

शास्त्रीणबाई,

उलट टपाली नाही, पण टपाली उत्तर देतोय. रागावू नकोस. वृद्धाश्रमाच्या चार कवळ्या झाल्या, दोन राहिल्यात. तिथल्या एक आजी रोज निरोप पाठवतात की दात आधी येतात का यमराज, पैज लागली आहे.

तुझं सगळं पटलं. सूत्र लावलंय. डॉक्टरची वेळ दहा तारखेची घेतली आहे, तोवर आटपतं घेतो. सोललेल्या बारा शिल्लक होत्या, एवढी मेहनत केलेल्या फेकवेनात. त्या संपल्या की बंद. आता चारच उरल्या.

तब्येत छान. किरकोळ म्हणशील तर जेवण जात नाही, आणि वरच्या पोटात जरा आग होते, पण ती तुझ्या पत्राचीही असेल. उभं राहिलो की खोली एक गिरकी घेते आणि पुन्हा जागेवर बसते. परवा जिन्यात गुडघे खरोखरच लटपटले. सहा महिने खोटं बोललो ते गुडघ्यांनी मनावर घेतलं म्हणायचं. ताई त्यांच्यासाठी रोज मूठभर काळ्या मनुका खायला लावते, रक्त वाढतं म्हणे. त्याचा एक परिणाम तुला सांगण्यासारखा नाही, पण तू अतिसार हा शब्द दिलास म्हणून पुढची प्रगती कळवतो: तीन दिवस रंग काळा. कुळकुळीत, डांबरासारखा. रस्त्यावर पसरला तर गाड्या जातील. एवढ्या मनुका खाल्ल्यावर दुसरं काय होणार.

अक्षर तिरकं आलंय ते कागद तिरका होता म्हणून.

तुझा,
भावोजी

१ एप्रिल

भावोजी,

आज कोणती तारीख आहे ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते की यात थट्टा नाही.

तुमचं पत्र दुपारी आलं. मी ते जिन्यातच वाचलं आणि तशीच खाली औषधवालीकडे गेले. डांबर या शब्दावर तिने मला पुढे वाचू दिलं नाही. मनुका नव्हेत. रक्त आहे. पोटात झरतंय आणि पचून काळं होऊन बाहेर येतंय. थांबायला वेळ नाही, फोन कर, म्हणाली.

हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतील. मी ताईला फोन केला आहे. बोटांपासून चाकापर्यंत सगळं सांगितलं. तुमचा विश्वास मोडला हे कबूल करायला हे पत्र, दुसरं कारण नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

ताईने ऐकून घेतलं. फोन ठेवल्याचा आवाज आला.

मेहुणी

९ एप्रिल

चि. धाकटी,

हे जगतील. ते आधी लिहिते, कारण तू पत्र मधूनच वाचायला घेतेस.

तुझा फोन ठेवला आणि कामाच्या खोलीत गेले. हे जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, चेहरा त्यांच्याच प्लास्टरच्या साच्यासारखा. मला बघून म्हणाले, गुडघे. मी म्हटलं, “गुडघ्यांना काही झालेलं नाही. उठा.” उठता येईना. शेजारच्या सुताराने आणि मी धरून गाडीत घातलं.

दवाखान्यात घशातून कॅमेऱ्याची नळी घातली. पोटात दोन जखमा, त्यातल्या एकीतून रक्त वाहत होतं, ते आतल्या आत बंद केलं. तीन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी घेत होते. मी बरणी आणि उरलेल्या दोन गोळ्या बरोबरच नेल्या होत्या. त्यांनी एक गोळी उजेडात धरली आणि म्हणाले, ही कोणत्या कंपनीची, अशी मी पाहिलेली नाही. तर पलंगावरून आवाज आला, फिनिशिंग बघा. नाकात नळी, हातात सुई, ओठांना रंग नाही, आणि फिनिशिंग बघा. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस जगणार, आणि मी बाहेर जाऊन रडले.

आता तुझ्याबद्दल. तुझी पत्रं मी वाचली. रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती, जशी कॉलेजातली पोरं ठेवतात. तासून टाका हे तू लिहिलंस. तू थट्टेत लिहिलंस हे मला कळतं. ह्यांना कळत नाही हे तुला कळायला हवं होतं. तुझ्या जिभेला अण्णांनी धार लावली, म्यान द्यायचं राहिलं. एवढंच. पुन्हा बोलणार नाही.

आणि बोटं. मला दीड वर्षापासून माहीत आहे. दीड वर्ष सकाळी मी ह्यांच्या शर्टाची बटणं लावते आणि ह्यांना वाटतं मी लाडात आले आहे. चिमटा पडल्याचा आवाज स्वयंपाकघरात येतो. तो सुळा मला सापडला, कणकेच्या डब्यामागे. गुडघ्यांचं सोंग आणलं तेव्हा मी म्हटलं, बरं, शेकू गुडघे. पाणी मी मुद्दाम जास्त कढत घेत होते. म्हटलं, आज म्हणतील, उद्या म्हणतील, की अगं गुडघे नव्हेत, हात आहेत. नाही म्हणाले. भाजून घेतलं, पण बोलले नाहीत.

दुकान बंद करा असं मी म्हणत होते, ते खरं. पण मी ते का म्हणत होते? मला वाटलं, बंद कर म्हटलं की माणूस घाबरून तरी म्हणेल, बंद नको, तू जरा हाताखाली ये. सव्वीस वर्षं त्या खोलीचा केर मी काढते. मला चिमटा धरता येतो की नाही हे एकदाही विचारलं नाही. आणि तुम्हा दोघांना वाटलं, मी कुलूप घेऊन उभी आहे.

परवा घरी आणलं. तुझ्या पत्राची वाट बघतात, पण मागत नाहीत.

ताई

१४ एप्रिल

भावोजी,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. ताई, तूही वाच, नाहीतरी वाचशीलच.

चौदा वाक्यं लिहून खोडली. रोज दुसऱ्यांच्या चुका निळ्या पेन्सिलीने काढायच्या आणि महिनाअखेरीस पगार घेऊन घरी जायचं, हा माझा धंदा. नऊ मार्चच्या पत्रात माझी एक ओळ आहे, तिच्यावर कोणी पेन्सिल फिरवली नाही. ती ओळ मी रोज मनात वाचते. हाकानाका हा शब्दही माझाच. तो मी आता कशालाही वापरणार नाही.

तुमच्या पोटात जे झालं ते माझ्या हाताने झालं असं मला वाटतं. तुम्ही नाही म्हणाल, कारण तुम्ही चांगले आहात, आणि त्यामुळे मला आणखी वाईट वाटेल. म्हणून काही म्हणू नका. जेवण जातं का, एवढं कळवा. हात कसे आहेत ते विचारायचा मला अधिकार राहिला नाही, तरी विचारते.

धाकटी

३ मे

शास्त्रीणबाई,

अक्षर बघून घाबरू नकोस, ते ताईचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. माझ्या हातात पेन सकाळी दहापर्यंत राहतं आणि आत्ता दुपार आहे.

(सकाळी पत्र लिहूया म्हटलं तर सकाळी पेपर वाचायचा असतो. — ताई)

ती मध्येमध्ये असं कंसात बोलणार आहे. मी हरकत घेतली होती. ती हरकत लिहून घेतली नाही.

जेवण जातं. मऊ भात, उकडलेली भाजी, आणि भाषण. पोटाच्या डॉक्टरने त्या जातीच्या सगळ्या गोळ्या जन्मभर बंद केल्या. कवच असो, नसो. सांध्यांचा तो पोरगा डॉक्टर भेटायला आला, त्याला सगळं खरं सांगितलं. तो रागावला नाही, वाईट वाटून म्हणाला की पोट बिघडतंय एवढंच येऊन सांगितलं असतं तर मी औषध बदललं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. मला ते पाच मिनिटांचं काम ऐकून फार लाज वाटली. मी एकेका गोळीवर पंधरा मिनिटं घालवली होती.

आता वरून चोळायचं मलम आणि सकाळी हात कोमट मेणात बुडवून काढायचे, असा इलाज आहे. व्यायामवाली बाई मेण कशाला म्हणतात ते मला समजावून सांगत होती.

(तिचं मेण वेगळं, ह्यांचं दातांचं वेगळं. ह्यांच्या मेणाने हात भाजले असते. ह्यांनी तेच वापरणार असं जाहीर केलं होतं. मी पातेलं उचलून ठेवलं आहे.)

आता महत्त्वाचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू म्हणालीस काही म्हणू नका, पण तारखा तरी वाच, मुद्रितशोधक ना तू? तुझं पत्र नऊ तारखेचं, माझ्या हातात पडलं बारा तारखेला. मी पहिली गोळी सोलली सहा तारखेला. न्यायाधीशांच्या पुढच्या भेटीच्या सकाळी. तुझं पत्र यायच्या आधी माझ्या बरणीत साल जमलेलं होतं. मग तुझ्या सल्ल्याप्रमाणे असं का लिहिलं? एकट्याने मूर्खपणा करायला माणसाला भीती वाटते. तू गंमत म्हणून तेच लिहिलेलं वाचलं आणि मला सोबत मिळाल्यासारखं झालं. दोष तुझ्याकडे जाईल हे डोक्यातच आलं नाही. दवाखान्यात आलं, पण तिथे नाकात नळी होती. माफ कर.

(मी हे लिहिताना ह्यांना विचारलं, खरं का हे? बरणीवर तारीख घातली आहे म्हणाले. बरणी आणली. आहे. सहा मार्च. साल, बारीक, असं लिहून ठेवलंय. मी तुला म्यानाबद्दल जे लिहिलं ते निम्मं मागे घेते.)

आता हात. बोटं उजवीकडची दोन वाकायला लागली आहेत, ती सरळ होणार नाहीत असं सांगितलं आहे. मूठ दुपारनंतर मिटत नाही. वृद्धाश्रमाच्या दोन कवळ्या राहिल्या होत्या, म्हणून मी निरोप पाठवणार होतो की दुसरीकडे बघा. निरोप लिहायला हिला बसवलं. हिने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, मेण किती गरम असायला लागतं?

तीन आठवडे झाले. मी शेजारी खुर्चीवर बसतो. केसाएवढा इकडे, मी म्हणतो. तुमच्या केसाएवढा की माझ्या, ही विचारते. पहिल्या दिवशी आम्ही इतके भांडलो की सुतार भिंतीवर थाप मारून गेला. पैज लावणाऱ्या आजींची कवळी हिने बसवली. मी पाहिलं तर वरचा एक दात जरासा आडवा. मी म्हटलं, काढ, पुन्हा बसव. ही म्हणाली, आजींच्या मुलीने जुना फोटो पाठवलाय, त्यात तो दात असाच आहे. सव्वीस वर्षांत मी कोणाचा फोटो मागितला नव्हता. मी सगळ्यांना सरळ दात देत आलो.

आजींनी कवळी घातली, आरसा मागितला, जिभेने त्या दाताला हात लावावा तसं केलं, आणि आरशातल्या स्वतःला म्हणाल्या, “आली गं परत.”

(ह्यांनी घरी येताना माझी पिशवी धरली. दोन बोटांत. मी धरू दिली.)

दुकान चालू आहे. पाटी बदलायची का, असा विचार आहे.

(विचार माझा आहे. ह्यांचा विरोध नाही, एवढंच.)

बाकी क्षेम. प्रेसमध्ये तब्येत सांभाळ, मान दुखली तर मनाने काही घेऊ नकोस. सुट्टीत ये. सही मी स्वतः करणार आहे, आणि तिच्या वर एक ओळसुद्धा. त्यासाठी ताईला पाणी आणायला आत पाठवतो.

ही ओळ तिच्यासाठी नाही. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. माझ्या विशीतल्या हातापेक्षासुद्धा.
भावोजी

(पाकीट मीच बंद करते, हे विसरले. वाचलं. — ताई)